ड्युरियनचा ठेला: चौघांत किती फळं, कोणती आणि कुठल्या क्रमानं

मलेशियात ड्युरियन, म्हणजे फणसासारखे गरे असलेलं काटेरी, उग्र वासाचं फळ, तीन तऱ्हांनी खायला मिळतं. एक म्हणजे सोलून, ट्रेवर मांडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गरे. दुसरा बुफे: माणशी ठरावीक पैसे द्या आणि वेळ संपेपर्यंत खा. तिसरा रस्त्याकडेचा ठेला, जिथे प्लास्टिकच्या टेबलाभोवती बसायचं आणि फळ डोळ्यांसमोर फोडून घ्यायचं. चौघं मिळून जाणार असाल तर सरळ ठेला गाठा. चव तिन्हीकडे चांगली मिळू शकते, फरक सौद्यात आहे. ड्युरियन बाहेरून कितीही ठोका, हुंगा, हलवा, आत काय निघेल हे चाळीस वर्षं धंद्यात काढलेल्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. टेबलावर बसलात की ती जोखीम विकणाऱ्याची, कारण फळ बिघडलेलं निघालं तर तो बदलून देतो. ट्रे उचलून निघालात की ती तुमची.

आधी वेळेचं बघू, कारण अर्धं यश तिथेच ठरतं. मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट. पेनांगमध्ये मे अखेरीसच सुरुवात होते. नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत एक छोटा हंगाम येतो, पण त्याचा भरवसा पावसावर. मलेशियात फळ झाडावरून तोडत नाहीत. ते पिकून आपोआप पडतं, बहुतेक रात्री ते पहाटे, आणि खाली बांधलेल्या जाळीतून सकाळी गोळा होतं. म्हणून पेनांगमधल्या बालिक पुलाऊसारख्या बागांच्या भागात सकाळी जावं. क्वालालंपूरजवळच्या पेतालिंग जायात, एसएस२ वस्तीतल्या ठेल्यांवर, संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यान जावं. पहांगमधल्या राऊब-बेंतोंगकडून निघालेला माल तोवर शहरात उतरलेला असतो. रात्री दहानंतर उरतो तो इतरांनी हाताळून नाकारलेला. सिंगापूरच्या गेलांगमध्येही ठेल्यांची मजा तीच आहे, पण माल मलेशियातून सीमा ओलांडून येतो. म्हणजे फळ थोडं शिळं आणि भाव सिंगापुरी डॉलरमध्ये.

सलग मुसळधार पाऊस झाला असेल तर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या. पिकायच्या वेळी झाडानं जास्त पाणी ओढलं की गर पाणचट होतो, मधला दांडा ओला राहतो आणि एकाच गऱ्यात अर्धा भाग मऊ, अर्धा दडस असा प्रकार होतो. अशा दिवशी भाव उतरलेले दिसतात ते उगाच नाही.

ठेल्यावर पोचल्यावर पहिली नजर फळांवर टाकू नका, पाटीवर टाका. जातीचं नाव आणि किलोचा भाव दोन्ही लिहिलेलं असावं, आणि ज्या टोपलीतून फळ उचललं तिच्यावर तेच नाव असावं. भाव रोज बदलतो. मुसांग किंग, म्हणजे इथली सर्वांत नावाजलेली जात, भर हंगामात किलोला तीस रिंगिटच्या (रिंगिट हे मलेशियाचं चलन) आसपास येतो आणि हंगाम नसताना सत्तर-ऐंशीच्याही वर जातो. एकाच जातीचे ए, बी असे दोन-तीन दर्जे लावलेले असतील तर फरक बहुधा आकाराचा आणि वजनाचा असतो, चवीचा नव्हे. चौघांनी टेबलावर बसून खायचं तर बी दर्जा पुरेसा आहे. सुबक गोल फळ भेट द्यायला लागतं, पोटात जायला नाही. 'जुन्या झाडाचं' म्हणून किलोमागे जादा पैसे मागतात, तेही देऊ नका. जुन्या झाडाच्या फळाला कडसरपणाची खोली जास्त असते हे खरं, पण टोपलीतलं फळ कुठल्या झाडाचं हे ताडून पाहायचा कुठलाच मार्ग नाही.

वजन सालीसकट होतं, आणि खरा हिशेब इथे आहे. ड्युरियनच्या एकूण वजनात खाण्याजोगा गर साधारण २० ते ३० टक्के. बाकी साल आणि आठळ्या. मुसांग किंगची आठळी चपटी आणि बारीक, त्यामुळे तो वरच्या टोकाकडे जातो. काम्पुंग, म्हणजे बियांपासून वाढलेल्या गावठी झाडांचं फळ, खालच्या टोकाकडे. समजा ५० रिंगिट किलोनं १.६ किलोचा मुसांग किंग घेतला. ८० रिंगिट गेले आणि हाती साडेचारशे ग्रॅम गर आला, म्हणजे गराचा भाव किलोला पावणेदोनशेच्या वर. हे गणित डोक्यात असलं की मोठ्या आठळीचं 'स्वस्त' फळ आणि बारीक आठळीचं 'महाग' फळ यांतलं अंतर पाटीवर दिसतं त्यापेक्षा कमी आहे हे कळतं. वजन करताना काटा शून्यावर आहे का आणि खाली टोपली असेल तर तिचं वजन वजा झालं का, एवढं पाहा. आकडा मोठ्यानं म्हणून घ्या. कुणी वाईट वाटून घेत नाही.

आता निवड. देठ आधी. आपोआप पडलेल्या फळाचा देठ सांध्यापाशी स्वच्छ सुटलेला असतो, सुरीनं कापल्यासारखा नसतो. तो ओलसर, भरीव असेल तर फळ ताजं. सुकून तपकिरी, सुरकुतलेला असेल तर पडून दोन दिवस तरी झाले. लांब देठासकट कापलेलं, मोठं, फिकट फळ दिसलं तर ते बहुधा मोनथोंग या थाई जातीचं. थायलंडमध्ये फळ पक्व पण न पिकलेलं असताना तोडतात. ते गोड आणि सौम्य असतं, वाईट अजिबात नाही, पण मलेशियाच्या ठेल्यावर येऊन ते खाण्यात हशील नाही.

मग शेजारशेजारचे दोन काटे चिमटीत धरून एकमेकांकडे दाबा. किंचित लवले तर पिकलं आहे. दगडासारखे ताठ असतील तर अजून अवकाश आहे. फळ कानाजवळ धरून हलकेच हलवलं की आत काहीतरी मऊ धपकल्यासारखं जाणवायला हवं, म्हणजे गर सालीपासून सुटला आहे. आवाजच नाही तर फळ कच्चं किंवा पाणी भरलेलं. खुळखुळा वाजावा तसा वाजला तर जास्त पिकून सैल झालेलं. शेवटी शिवणींवर, म्हणजे तळापासून वर जाणाऱ्या पाच फिकट रेघांवर, नाक लावा. गवतासारखा वास असेल तर कच्चं, आंबूस झाक असेल तर आंबायला लागलेलं. तळाशी आधीच फट पडली असेल तर ठेवून द्या. हवा आत गेली की गर फार लवकर आंबतो.

बारीक गोल भोक आणि त्याभोवती भुसा दिसला तर अळी. पण लगेच हात झटकू नका. ड्युरियनचे कप्पे एकमेकांपासून वेगळे असतात, अळी सहसा एकातच असते. बाकीचे चार उत्तम निघतात आणि अशा फळावर विकणारा भाव पाडून देतो.

यातलं काहीच जमलं नाही तर 'अंकल'वर, म्हणजे विकणाऱ्यावर, सोडा. त्याला फक्त एक शब्द सांगायचा: 'मानिस' म्हणजे गोड किंवा 'पाहित' म्हणजे कडू. चांगला विकणारा तेवढ्यावर दोन-तीन फळं उचलतो, सुरीच्या मुठीनं ठोकतो, दोन परत टाकतो आणि एक पुढे करतो. तो ठोकताना घाई करतो की थांबतो, यावरून ठेल्याची पारख करता येते.

फोडताना जवळ उभे राहा, पाहण्यासारखं असतं. डाव्या हातात जाड मोजा, फळ उलटं, देठ खाली. तळाशी पाचही शिवणी जिथे मिळतात तिथे चांदणीसारखी खूण असते. आखूड, जाड पात्याच्या सुरीचं टोक त्या चांदणीत बोटाच्या पेराएवढं रोवायचं आणि कापायचं नाही, पिळायचं. कर्र असा कोरडा आवाज येतो आणि साल शिवणीवर उकलते. पुढचं काम हातांचं, दोन्ही अंगठे फटीत घालून ओढलं की पहिला कप्पा उघडतो. आत पांढऱ्या, कापसासारख्या अस्तरात तीन-चार गरे नांगरलेल्या होड्यांसारखे ओळीनं पडलेले असतात. शिकाऊ हात मात्र काट्यांच्या मधोमध सुरी घालतो. साल निघता निघत नाही, पातं गरात जातं आणि कप्प्याचा लगदा होतो. आपण खोलीवर नेऊन फोडायला गेलो की हेच घडतं, वर हात फाटतो तो वेगळा. भाजी कापायची पातळ, लवचिक सुरी तर या कामाला धोकादायकच. पिळताना पातं वाकतं, सटकतं.

पहिला कप्पा उघडला की विकणारा थांबून तुमच्याकडे पाहतो. हाच निकालाचा क्षण. एकाने एकच गरा उचलून चाखावा. आंबट, पाणचट किंवा दडस असेल तर तिथेच सांगा. 'बोलेह तुकार?', म्हणजे 'बदलता येईल?', हा प्रश्न वजन करण्यापूर्वीच विचारून ठेवलेला बरा. बहुतेक चांगले ठेले हो म्हणतात. जो नाही म्हणतो त्याच्याकडून फळ घेण्यापेक्षा दहा पावलं पुढे जाणं सोपं आहे, ठेले ओळीनंच असतात. मात्र तीन कप्पे संपवून तक्रार केली तर कुणीही बदलून देणार नाही, आणि देऊही नये. ढिगातल्या स्वस्त काम्पुंगला ही हमी नसते. 'फार कडू आहे' ही तक्रारही चालत नाही, कारण इथे कडवटपणा हा गुण समजतात आणि त्याचेच जादा पैसे घेतात.

फसवणूक होते ती बहुधा बांधून घेताना. वजन केलेलं फळ मागे नेलं जातं आणि डब्यात दुसऱ्याच फळाचे गरे भरून येतात. त्यामुळे 'बुंगकुस', म्हणजे बांधून, घ्यायचं असलं तरी फोडणं आणि भरणं समोरच होऊ द्या.

जाती कोणत्या? मलेशियाचं कृषी खातं नोंदलेल्या जातींना 'डी'चा क्रमांक देतं. मुसांग किंग म्हणजे डी१९७, नोंद १९९३ची, मूळ केलांतान राज्यातलं. त्याचं मलाय नाव 'राजा कुन्यित', म्हणजे हळदीचा राजा, आणि गराकडे पाहिलं की नाव कुणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावीशी वाटते. ओळखायची खूण तळाशी: चांदणी ठळक, तिच्याभोवती काटे विरळ आणि रंग तांबूस-तपकिरी. काटे रुंद बुडाचे, पिरॅमिडसारखे. गर दाट, किंचित सुरकुतलेला. जिभेवर आधी लोणी, मग गोडी आणि सर्वांत शेवटी कडसर झाक. तारीफ होते तितका तो चांगला आहे, पण नवख्यानं पहिल्याच घासाला तो खाऊ नये.

उदांग मेराह, डी१७५, पेनांगचा. नावाचा अर्थ लाल कोळंबी. गर केशरीकडे झुकलेला, मऊसूत, गोड, कडवटपणा नावापुरता. पहिल्यांदा खाणाऱ्यासाठी आमची पसंती याला. डी२४ ची नोंद १९३७ची. मुसांग किंग येईपर्यंत बाजार त्याचाच होता. फिकट गर, मलईदार, गोड-कडूचा समतोल, आणि आज भावही निम्म्याच्या आसपास. लोक फॅशनपायी त्याला विसरलेत, तुम्ही विसरू नका. दुरी हितम, म्हणजे काळा काटा, डी२००, नोंद २०१५ची. भोपळ्यासारखा गोल, तळाशी दबलेला, गर गडद केशरी आणि रेशमी. चव उत्तम, पण भाव मुसांग किंगच्याही वर जातो आणि तो वरचा पैसा निम्मा तरी दुर्मीळपणाचा आहे. चौघांतल्या तिघांना पहिल्यांदाच ड्युरियन खायचं असेल तर त्यावर पैसे घालू नका.

काम्पुंग फळाला क्रमांक नाही, कारण दर झाडाची चव निराळी. एक दारूसारखं उग्र, दुसरं दुधाळ, तिसरं बेचव. गर पातळ, आठळी मोठी. लॉटरी आहे, पण स्वस्त लॉटरी, आणि गप्पांना विषय पुरवते.

चौघांसाठी माप असं: दीड-दीड किलोची तीन फळं. त्यातून सव्वा किलोच्या आत गर निघतो, माणशी पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम, आणि तेवढा पुरे होतो. शंभर ग्रॅम गरात सुमारे १४७ किलोकॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदकं आणि ५ ग्रॅम स्निग्धांश असतात. म्हणजे हे फळ कमी आणि जेवण जास्त. रात्रीचं जेवण करून इथे येऊ नका, इथून जेवायलाही जाऊ नका. सगळेच नवखे असतील तर दोन फळांनी सुरुवात करा. तिसरं कधीही फोडता येतं, फोडलेलं परत मिटत नाही.

क्रम सौम्याकडून उग्राकडे: आधी काम्पुंग किंवा उदांग मेराह, मग डी२४, शेवटी मुसांग किंग. उलटं केलं तर मुसांग किंगनंतर बाकी सगळं पाण्यासारखं लागतं आणि पैसे वाया जातात. एक फळ पूर्ण संपवून मगच दुसरं फोडायला सांगा. अनुभवी टेबलं कधीही तिन्ही एकदम उघडत नाहीत, कारण उघडा गर वाऱ्यावर कोरडा पडतो आणि चवींची सरमिसळ होते. गरा बोटांनी उचलायचा, आठळीभोवती दातांनी ओढायचा. चमचा मागितलात तर मिळेल, पण निम्मा गर आठळीलाच राहील.

वासाबद्दल थोडं. नाकाला जे भिडतं ती गंधकयुक्त संयुगं असतात, त्यांत फळांचा गोड वास देणारे एस्टर मिसळलेले. २०१७ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी मुसांग किंगचा जनुकीय आराखडा मांडला, तेव्हा या गंधक-निर्मितीशी संबंधित जनुकाच्या बऱ्याच जादा प्रती त्यात सापडल्या. पाचेक मिनिटांत नाक सरावतं. पहिला घास वास घेत घेत भीत भीत खाणाऱ्याला तो कधीच आवडत नाही. मोठा घास घ्यावा आणि तोंडात विरघळू द्यावा.

सोबत काय प्यावं? ठेल्यावर शहाळं आणि पाणी असतं, आणि शेजारी मॅंगोस्टीन या छोट्या जांभळ्या फळांची टोपली. इथल्या समजुतीत ड्युरियन उष्ण, मॅंगोस्टीन थंड. उष्ण-थंडाचं काहीही असो, दाट गरानंतर मॅंगोस्टीनची आंबटगोड पाकळी तोंड स्वच्छ करते, एवढ्यासाठी तरी अर्धा किलो घ्या. बिअर मात्र नको. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात ड्युरियनच्या अर्कानं, दारू पचवताना लागणारं एक विकर ७० टक्क्यांपर्यंत रोखलेलं दिसलं. प्रयोग नळीतला होता, माणसावरचा नव्हे, पण चेहरा लाल होऊन मळमळ सुटण्याची शक्यता कशाला विकत घ्या? मधुमेह असेल तर एक-दोन गऱ्यांवर थांबावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, शंभर ग्रॅममध्ये चारशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं.

बुफेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. माणूस तीनशे ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे 'कितीही खा'चा फायदा देणाऱ्याचा. शिवाय टेबलावर येणारं फळ बहुतांशी काम्पुंग. घड्याळाकडे बघत ड्युरियन खाणं ही शिक्षा आहे.

हातांचा वास घालवायला रिकाम्या सालीच्या खोबणीत पाणी ओतून त्यातच बोटं चोळण्याची इथे रीत आहे. बरेच जण तेच पाणी चिमूटभर मीठ घालून पितातही. त्यापेक्षा ठेल्यावर फुकट मिळणारे प्लास्टिकचे हातमोजे आधीच चढवावेत. ढेकरांवर कुणाकडेच इलाज नाही. परतीचं वाहनही आधीच ठरवा: सार्वजनिक गाड्यांत आणि बहुतेक हॉटेलांत ड्युरियनला मनाई आहे. सिंगापूरच्या मेट्रोत धूम्रपान, खाणंपिणं यांच्या पाट्यांवर दंडाचा आकडा असतो, ड्युरियनच्या पाटीवर नुसतीच फुली. टॅक्सीवाला मात्र आकडा नसतानाही उतरवून देतो.

उरलंच तर गरे आठळीसकट हवाबंद डब्यात भरा. फ्रिजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये काही महिने टिकतात, आणि अर्धवट गोठलेला गरा आइस्क्रीमसारखा लागतो. आठळ्या टाकू नका, उकडून खाता येतात, पण कच्च्या कधीही खाऊ नका. अति पिकून ओघळायला लागलेल्या गराचा तेम्पोयाक, म्हणजे मीठ घालून आंबवलेला गर, होतो. किलोभर गराला तीन छोटे चमचे मीठ, काचेची बरणी, घट्ट झाकण, सावलीत चार-पाच दिवस. पहांगमध्ये त्याच्या रश्श्यात पातीन मासा शिजवतात. बरणीत काम्पुंगच घाला, मुसांग किंगचा कडसरपणा आंबल्यावर उरत नाही आणि ऐंशी रिंगिट मिठात जातात.